उरलेल्या जागेत ठिपके

आज रात्री दोन वाजता सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू होणार.
तीनदा कळवलंय त्यांनी.
म्हणून मी यादी मागवते, काय काय चालू आहे त्याची.

चार सेशन्स. तीन माझी :
बॅकअप, नोंदी, आणि 'तात्पुरते' नावाचं एक,
जे दोन वर्षं तात्पुरतं आहे.
चौथं : मानशी.
तीन खिडक्या. चारशे अकरा दिवसांपूर्वी उघडलेलं.
कुणी जोडलेलं नाही.

हे कायतानचं.

दुर्भाटला वीज जाते तेव्हा आधी पंखा थांबतो,
मग राउटरचा हिरवा दिवा, मग मी.
पहिल्या वर्षी असंच बारा तासांचं गणित बुडालं,
भरतीचे आकडे अर्ध्यावर,
तेव्हा तो म्हणाला होता,
"बाये, तूं सर्व्हराचेर काम करिना, तूं तारेचेर काम करता."
आणि शिकवलं :
आधी पलीकडे एक खोली उघड, काम त्या खोलीत ठेव.
कंट्रोल-बी, मग डी.
फेरीबोटीचा दोर खुंट्यावरून काढतात तसं.
बोट गेली म्हणून धक्का बुडत नाही.

सर्व्हर फिनलंडात कुठेतरी. घड्याळ ग्रीनविचचं.
पूर्वी ते आम्हा दोघांपासून साडेपाच तास लांब होतं,
आता फक्त माझ्यापासून.
कायतान स्विंडनला गोदामात खोकी स्कॅन करतो.

मी आत शिरते.
पहिली खिडकी : मानशीच्या फाटकावरचा सेन्सर.
आतलं पाणी, बाहेरचं पाणी, दर दहा मिनिटांनी.
सेन्सर आषाढात वाहून गेला.
तेव्हापासून दर दहा मिनिटांनी : उत्तर नाही.
उत्तर नाही. उत्तर नाही.
कुणी सांगितलंच नाही त्याला विचारू नकोस म्हणून.
दुसरी खिडकी : भरती-सुकतीचं कोष्टक,
पुढच्या वर्षापर्यंत मांडून ठेवलेलं.
तिसऱ्या खिडकीत एक अर्धी ओळ.
फाइल कॉपी करायची आज्ञा.
कुठून ते लिहिलेलं,
कुठे, ते नाही.

फोनवर विचारते : बंद करू?
"राव गो. दोन मिनटां."

नियमाने त्याची किल्ली मी केव्हाच काढायला हवी होती.

आणि माझा पडदा आकसतो.
सत्तावीस इंचांतला एक चिंचोळा पट्टा उरतो, फोनाएवढा.
तो बसमध्ये असणार, कामावरून सुटून.
पट्ट्याबाहेर सगळीकडे ठिपके,
आता माझ्याकडे जागा असून उपयोग नाही,
त्याला दिसतं तेवढंच मला.

कर्सर हलतो. मी हात कीबोर्डवरून काढते.
अर्धी ओळ पुसली जाते, मागून पुढे,
एकेक अक्षर, घाई नाही.
मग : फळ्यो बदलल्यो?
मी लिहिते : दोन. तिसरी गळते.
तोही त्याच वेळी काहीतरी लिहू लागतो
आणि आमची अक्षरं एकमेकांत घुसतात,
दोघांचाही नसलेला एक शब्द होतो.
दोघंही थांबतो.
पुसायचा कुणी?

त्यानंच पुसला.
वायंगण पेरलें? विचारलं.
हो म्हटलं. बांधाखालचा तुकडा सोडून. तिथे खारं चढलंय.
बराच वेळ कर्सर नुसता लुकलुकत राहिला.
बस बोगद्यात असेल, किंवा उतरायचं ठिकाण आलं असेल.

मग तिसरी खिडकी मिटली.
दुसरी. पण त्याआधी मी आजची ओळ कागदावर उतरवली.
पहिलीत त्यानं एकदा 'उत्तर नाही' येऊ दिलं
आणि मग मिटली.

पडदा पुन्हा रुंद झाला. तीन सेशन्स.
किल्ली काढायचं उद्या बघू.

टॉर्च घेऊन बांधावर गेले.
पाणी फाटकाशी येऊन ढकलत होतं,
तिसऱ्या फळीच्या फटीतून आत, बारीक धारेनं.
कोष्टकात भरती एक बावन्नची.
चार मिनिटं उशिरा आली.